माजी आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटपटूची कारकीर्द नोंदवायची कशी? गोव्यातल्या शाळा, क्लब आणि वाचनालयांसाठी

सत्कार ठरतो, शाल-श्रीफळ येतं, आणि सूत्रसंचालकाच्या हातात अर्ध्या पानाचा परिचय पडतो. त्यात कसोट्यांची संख्या चुकलेली असते, पदार्पणाचं वर्ष भलतंच असतं आणि 'अनेक विक्रम आपल्या नावे' असं एक वाक्य असतं, ज्यातून काहीच कळत नाही. देशासाठी पंधरा-पंधरा वर्षं खेळलेल्या बाईंच्या वाट्याला एवढंच यावं हे बरं नाही. पुरुष खेळाडूंचे आकडे कुणीतरी कधीतरी टिपून ठेवलेले असतात. महिला क्रिकेटचं, विशेषतः २००६ च्या आधीचं, तसं नाही. देशांतर्गत सामन्यांचे कितीतरी धावफलक कुणाच्या तरी घरातल्या ट्रंकेत आहेत आणि गोव्याच्या पावसाळ्यात ते फार टिकत नाहीत. म्हणून हे काम 'पुढच्या वर्षी करू' असं म्हणण्यातलं नाही.

काम तीन-चार जणांनी मिळून करावं. एक आकड्यांसाठी, एक मुलाखतीसाठी, एक कागद आणि फोटोंसाठी. आठवड्यातून दोन संध्याकाळी दिल्या तर तीनेक महिन्यांत नीट वही तयार होते.

आधी ठरवा, कुणाची नोंद

'गोव्याची खेळाडू' म्हणजे कोण, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. दिलीप सरदेसाईंचा जन्म मडगावचा, पण क्रिकेट मुंबईचं. शिखा पांडे यांचा जन्म आजच्या तेलंगणातला, पण शिक्षण फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात, खेळणं गोव्याच्या संघातून, आणि गोव्याकडून खेळत असतानाच २०१४ मध्ये त्या भारतीय संघात आल्या. दोघंही आपलीच, पण दोन वेगळ्या अर्थांनी. शिवाय दुसऱ्या राज्यातून किंवा रेल्वेकडून खेळून निवृत्तीनंतर गोव्यात राहायला आलेल्या खेळाडू असू शकतात. म्हणून जन्मगाव, शिक्षण, कोणकोणत्या संघांकडून खेळल्या आणि आताचं वास्तव्य असे चार वेगळे रकाने करा. एकाच 'मूळ गाव' या रकान्यात सगळं कोंबलं की पुढे वाद होतात. आताच्या वास्तव्याचा फक्त तालुका लिहा, घरचा पत्ता आणि फोन वहीत येता कामा नये.

नावाचंही असंच. जुन्या धावफलकांत लग्नाआधीचं आडनाव असतं, नंतरच्यांत लग्नानंतरचं, काही ठिकाणी नुसती आद्याक्षरं. पूर्णिमा राव यांचं आडनाव इंग्रजीत कुठे 'ओ'ने संपतं, कुठे 'यू'ने. संगणकावर शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबलात तर निम्मे सामने हाती लागणार नाहीत. नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक रूपाने वेगळा शोध घ्या. वहीत मात्र त्या स्वतः जे नाव वापरतात तेच.

अधिकृत काय, अनधिकृत काय

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

भारतात महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. भारतीय महिलांची पहिली अधिकृत कसोटी ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झाली. त्याच मालिकेत पाटण्याला पहिला विजय मिळाला. शांता रंगास्वामी कर्णधार होत्या. पण त्याआधी, १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा २५ वर्षांखालील महिला संघ भारतात येऊन पुणे, दिल्ली आणि कलकत्त्याला खेळून गेला होता. त्या मालिकेत खेळलेल्या बाई 'मी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७५ साली खेळले' असं सांगतील, आणि ते शंभर टक्के खरं आहे. मात्र ते सामने अधिकृत कसोट्यांमध्ये धरलेले नाहीत. म्हणून ते गाळायचे नाहीत आणि कसोट्यांच्या बेरजेतही घ्यायचे नाहीत. 'भारताकडून खेळलेले इतर सामने' असं स्वतंत्र पान करा.

उलटंही घडतं. १९८२ च्या न्यूझीलंडमधल्या विश्वचषकात 'इंटरनॅशनल इलेव्हन' नावाचा संघ होता. नाव वाचून तो प्रदर्शनी संघ वाटतो, पण त्याच्याविरुद्धचे सामने अधिकृत एकदिवसीय सामनेच आहेत. ते वगळले तर एकूण संख्या चुकते.

परदेश दौऱ्यात स्थानिक संघांशी खेळलेले सराव सामने, 'यंग इंडिया' किंवा अध्यक्षीय संघ अशा नावांखाली खेळलेले सामने, विभागीय राणी झाशी करंडक, राज्याची स्पर्धा, विद्यापीठ, रेल्वे: प्रत्येकाला वेगळा रंग किंवा वेगळं पान. महिला क्रिकेटचा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे २००६ मध्ये आला. त्याआधीच्या देशांतर्गत सामन्यांचे आकडे संकेतस्थळांवर अर्धवट आहेत हे धरूनच चाला. 'देशांतर्गत एकूण धावा' असा आकडा सगळे सामने हाती असल्याशिवाय छापू नका. 'उपलब्ध २३ धावफलकांनुसार' असं लिहिलं की ते खरं राहतं आणि पुढे कुणाला भर घालता येते.

आकडे कसे तपासायचे

क्रिकइन्फो या संकेतस्थळावरच्या खेळाडूच्या पानावरून सुरुवात करा, दुसरी नोंद क्रिकेटआर्काइव्ह या संकेतस्थळावर पाहा. दोन्हीकडे बेरीज सारखी आली तर ठीक. वेगळी आली तर कोणती बरोबर याचा अंदाज बांधत बसू नका. सामनावार यादी काढा, प्रत्येक सामन्याचा धावफलक उघडा आणि स्वतः बेरीज करा. वीस कसोट्या आणि तीस-चाळीस एकदिवसीय सामने असतील तर दोन संध्याकाळींचं काम आहे.

वहीत प्रत्येक सामन्याला एक ओळ: तारीख, ठिकाण, विरुद्ध संघ, प्रकार, फलंदाजीचा क्रमांक, धावा, कशी बाद, षटकं, निर्धाव, दिलेल्या धावा, बळी, झेल, निकाल. शेवटचा रकाना 'कुठून घेतलं'. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ कच्ची समजायची.

सरासरी काढताना भागाकार सामन्यांनी करायचा नाही, डावांनीही नाही. डावांतून नाबाद वजा करून उरतील त्यांनी भागायचं. मिताली राज यांचं उदाहरण घ्या. एकदिवसीय सामने २३२, डाव २११, नाबाद ५७, धावा ७८०५. २११ मधून ५७ गेले, उरले १५४. ७८०५ भागिले १५४ म्हणजे ५०.६८, हीच त्यांची सरासरी. कुणी सामन्यांनी भागलं तर ३३.६४ येतं, डावांनी भागलं तर ३६.९९. फरक किती मोठा पडतो बघा. संध्या अगरवाल यांच्या कसोट्या १३, डाव २३, नाबाद १, धावा १११०: म्हणजे २२ ने भागायचं, सरासरी ५०.४५. हे दोन हिशेब आधी स्वतः करून पाहा आणि मग आपल्या खेळाडूच्या आकड्यांना हात घाला.

सामने आणि डाव यांतला फरकही डोळ्यांआड होतो. मिताली २१ सामन्यांत फलंदाजीला आल्याच नाहीत. खालच्या क्रमांकावर खेळणाऱ्या गोलंदाजांच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा असतो.

गोलंदाजीत घोटाळा होतो तो टिंबामुळे. ९.३ षटकं म्हणजे साडेनऊ, नऊ पूर्णांक तीन दशांश नव्हेत. ९.३ षटकांत ३१ धावा दिल्या असतील तर षटकामागे धावा काढायला ३१ ला ९.५ ने भागायचं: ३.२६. संगणकाच्या तक्त्यात ९.३ असंच भरलं तर ३.३३ येईल. त्याहून वाईट म्हणजे बेरजेत ९.३ आणि ८.४ मिळून १७.७ होतील, जे षटकांत शक्यच नाही. म्हणून तक्त्यात षटकं भरूच नका, चेंडू भरा. ९.३ म्हणजे ५७ चेंडू. झूलन गोस्वामी यांचे एकदिवसीय सामन्यांतले चेंडू १०,००५, दिलेल्या धावा ५६२२, बळी २५५. धावा भागिले बळी म्हणजे २२.०४ ही सरासरी, आणि धावा भागिले चेंडू गुणिले सहा म्हणजे ३.३७ हा षटकामागचा दर.

षटक सहाच चेंडूंचं असतं हेही जुन्या काळासाठी गृहीत धरू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १९७८-७९ च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंचं षटक चालायचं. भारतीय महिला संघ जानेवारी १९७७ मध्ये या दोन्ही देशांत खेळला. त्या धावफलकांवर षटकात किती चेंडू ते वर लिहिलेलं असतं. ते वाचूनच गुणाकार करा. त्याचप्रमाणे १९८२ आणि १९९३ चे विश्वचषक साठ षटकांचे होते आणि एका गोलंदाजाला बारा षटकं टाकता यायची. १९९३ च्या एखाद्या सामन्यात '१२-४-२१-२' (षटकं-निर्धाव-धावा-बळी) दिसलं तर ती छपाईची चूक समजून १० करू नका. कसोट्याही आरंभी तीन दिवसांच्या होत्या, आता बहुतेक चार दिवसांच्या असतात. त्यामुळे १९७६ च्या अनिर्णित कसोटीला 'कंटाळवाणी' म्हणण्याआधी किती वेळ खेळायला मिळाला ते पाहा.

हाताने लिहिलेलं जुनं स्कोअरबुक मिळालं तर तीन ताळे घाला. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे संघाची एकूण धावसंख्या यायला हवी. पडलेल्या गड्यांतून धावचीत वजा केले की गोलंदाजांच्या बळींची बेरीज जुळायला हवी. तिसरा ताळा गोलंदाजांनी दिलेल्या धावांचा, आणि इथे काळ पाहावा लागतो. आता वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, फक्त बाय आणि लेगबाय बाहेर राहतात. जुन्या काळी सगळेच अवांतर बाहेर असायचे. एका पद्धतीने जुळलं नाही तर दुसरी लावून पाहा. तरीही जुळलं नाही तर खाडाखोड करून जुळवू नका. मूळ आकडा तसाच ठेवा आणि शेजारी पेन्सिलीने 'ताळा जुळत नाही, फरक २' असं लिहा.

मोकळी वर्षं

आकडे मांडून झाले की मधे मोठाली अंतरं दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं की बाईंना संघातून काढलं असेल. बऱ्याचदा सामनेच झालेले नसतात. जानेवारी १९७७ नंतर भारतीय महिला संघाची पुढची कसोटी थेट १९८४ मध्ये झाली. १९८८ च्या विश्वचषकात भारत खेळलाच नाही. २००६ नंतर पुढची कसोटी ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या वर्म्सली इथे झाली, आणि त्या एका कसोटीत भारताच्या आठ जणींचं पदार्पण झालं. शिखा पांडे त्यांच्यातल्या एक.

म्हणून कारकिर्दीच्या वर्षांशेजारी दुसरी एक पट्टी काढा: त्या काळात भारताने एकूण किती कसोट्या आणि किती एकदिवसीय सामने खेळले, आणि त्यांपैकी बाई किती खेळल्या. डायना एडलजी यांच्या वीस कसोट्या आजच्या वाचकाला कमी वाटतील. दोन कसोट्यांमध्ये सात वर्षंही जात असतानाच्या त्या वीस आहेत हे शेजारच्या पट्टीवरून कळतं. मिताली राज यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द १९९९ ते २०२२, आणि कसोट्या फक्त बारा. ही पट्टी नसेल तर महिला क्रिकेटपटूची वही अन्यायकारक होते, असं आमचं ठाम मत आहे.

सन्मान लिहिताना वर्ष जपून. अर्जुन पुरस्कार ज्या वर्षासाठी मिळतो आणि ज्या वर्षी हातात पडतो, ती दोन वर्षं वेगळी असू शकतात. प्रमाणपत्रावरचं वर्ष घ्या, समारंभाची तारीख कंसात.

गोव्यातली वर्तमानपत्रं

पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाताना तारखांची यादी घेऊनच जा. 'महिला क्रिकेटबद्दल काही आहे का' असं विचारलंत तर कुणीच काही देऊ शकणार नाही. 'दैनिक गोमन्तक, १ ते ५ नोव्हेंबर १९७६' अशी मागणी केली की काम होतं. सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे चार अंक पाहा. त्या काळी परदेशातल्या सामन्याची बातमी दोन-तीन दिवस उशिरा यायची.

मराठीत 'गोमन्तक' १९६२ पासून आहे, इंग्रजीत 'नवहिंद टाइम्स' त्यानंतर लगेच. 'हेराल्ड' १९८३ मध्ये इंग्रजी झाला, त्याआधी तो पोर्तुगीजमध्ये निघायचा. सत्तरच्या दशकातले त्याचे अंक चाळायचे असतील तर घरातल्या किंवा वाड्यावरच्या पोर्तुगीज शिकलेल्या आजी-आजोबांना सोबत न्या. आणखी एक: मे १९८७ पर्यंत आपण 'गोवा, दमण आणि दीव' होतो. जुन्या बातम्यांत आणि प्रमाणपत्रांवर संघाचं किंवा संस्थेचं नाव त्या रूपात दिसेल. ते बदलू नका.

बातमीचा फोटो घेताना आधी संपूर्ण पान, ज्यात अंकाचं नाव आणि तारीख दिसेल, मग बातमी जवळून. नुसती बातमी कापून घेतलेल्या फोटोचा सहा महिन्यांनी काही उपयोग राहत नाही. पान क्रमांक लगेच वहीत. फोटो घ्यायची परवानगी आधी विचारा. बांधीव खंड उघडताना कणा दाबून सपाट करू नका, जुना कागद तिथेच तुटतो.

मुलाखत

मुलाखतीला आकडे पूर्ण झाल्यावरच जायचं. सामन्यांची यादी हातात असली की प्रश्न नेमके होतात, आणि समोरच्या बाईंना कळतं की मुलांनी अभ्यास केलाय. मग त्या मोकळ्या होतात. 'तुम्हाला कसं वाटलं?' या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर सारखंच येतं. त्याऐवजी धावफलक मोठ्या अक्षरांत छापून पुढे ठेवा आणि विचारा: 'ताई, इथे तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर आलात, एरवी सातव्या. त्या दिवशी काय झालं होतं?' बोट त्या ओळीवर ठेवून विचारलं की खेळपट्टी, वारा, कर्णधाराचं बोलणं, सगळं आठवायला लागतं.

संबोधन 'ताई' ठेवा. शाळा-कॉलेजात शिकवत असतील तर 'मॅडम'. बोलता बोलता त्या कोंकणीत गेल्या तर जाऊ द्या, तुम्हीही कोंकणीतच विचारा. लिहून काढताना कोंकणी वाक्यं कोंकणीतच देवनागरीत ठेवा. त्यांचं मराठी करत बसलात तर त्यांचा सूर जातो.

दुपारी दोन ते चार कुणाच्या घरी जाऊ नये हे गोव्यात सांगायला नको. साडेचारची वेळ घ्या. एका बैठकीत तासभर, फार तर सव्वा तास. दोन किंवा तीन बैठका, मधे आठवडाभराचं अंतर. पहिल्या बैठकीनंतर त्यांना रात्री काही आठवतं, जुनी वही सापडते, मैत्रिणीला फोन केला जातो. दुसरी बैठक बहुधा पहिलीपेक्षा चांगली होते.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. विमान मोड लावा, म्हणजे मधे फोन वाजणार नाही. मोबाइल थेट टेबलावर न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर कप ठेवल्याचा प्रत्येक आवाज घणासारखा येतो. छताचा पंखा बंद किंवा अगदी हळू. पत्र्याखाली बसून जुलैत रेकॉर्डिंग होणार नाही, आतली खोली मागा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर असलेल्यांची नावं बोलून घ्या. दोन मोबाइलवर एकाच वेळी घेतलंत तर उत्तम.

जे आकड्यांत कधीच येत नाही ते इथे विचारून घ्यायचं. दौऱ्याला जायचा खर्च कुणी केला? आरक्षण नसलेल्या डब्यातून किती तास? राहायची सोय कुठे, शाळेत की वसतिगृहात? पॅड आणि ग्लोव्ह्ज स्वतःचे होते की सगळ्यांत मिळून दोन जोड? नोकरी कुठे, रजा बिनपगारी होती का? मैदानात कपडे बदलायला खोली होती का? आज महिला खेळाडूंना मंडळाचे करार आहेत, २०२२ पासून सामन्याचं मानधनही पुरुषांइतकं आहे. आजच्या मुलींना आधीचं चित्र सांगायला या बायकांशिवाय दुसरं कुणी नाही. पैशाचा, लग्नाचा किंवा आजारपणाचा विषय त्यांनी काढला तरच पुढे जा, आणि छापण्याआधी वेगळं विचारा.

आठवण आणि कागद यांत फरक पडतोच. त्या म्हणतील पाच बळी, धावफलकावर चार. तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नका. कदाचित त्या दुसऱ्या सामन्याबद्दल बोलत असतील, दौऱ्यातल्या एखाद्या सराव सामन्याबद्दल. 'हा सामना कोणत्या गावात होता, आठवतं का?' एवढंच विचारा. वहीत आकडा धावफलकाचा आणि आठवण त्यांच्या शब्दांत, दोन्ही ठेवा.

शेवटी एका पानाचं संमतिपत्र. कशासाठी वापरणार, कुठे ठेवणार, कोणता भाग बाहेर द्यायचा नाही, हे मराठीत साधं लिहून सही घ्या. एक प्रत त्यांच्याकडे.

फोटो, ब्लेझर, बॅट

घरातल्या वस्तू हाताळताना घाई केली की कायमचं नुकसान होतं. सगळ्यात धोक्याचा आल्बम म्हणजे ऐंशीच्या दशकातला, चिकट पानांवर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला. गोव्याच्या दमटपणात त्यातला गोंद फोटोला धरून बसतो. कोपरा धरून ओढलात तर फोटोची पाठ तिथेच राहते. आधी पान आहे तसं, पापुद्र्यासकट, स्कॅन करा. मग पापुद्रा उचलून पुन्हा. त्यानंतरच, तेही फोटो सैल असेल तर, दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून आडवा सरकवत हळूहळू सोडवा. हेअर ड्रायर लावू नका, जुन्या रंगीत फोटोचा थर मऊ होतो. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो काढायच्या भानगडीत पडूच नका, काचेतूनच टिपा.

पोस्टकार्डाएवढे फोटो ६०० डीपीआयवर (इंचागणिक ठिपके), प्रमाणपत्रं आणि पत्रं ३०० वर, निगेटिव्ह किमान २४०० वर. ठेवायची फाइल टिफ, पाठवायची जेपीजी. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथे कुणीतरी नावं लिहिलेली असतात. नावं नसतील तर बाईंना विचारून मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा उठाव समोर दिसतो. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा: '१९८४-०१-कसोटी-००३'. 'ताई मॅच फोटो नवीन २' अशी नावं दिलीत तर पुढच्या वर्षी तुम्हालाच काही सापडणार नाही.

वर्तमानपत्रांची कात्रणं लॅमिनेट करू नका. आतला आम्ल तसाच राहतो आणि कागद पिवळा होऊन तुटतो, वर ते सोडवताही येत नाही. सेलोटेपही नको. आम्लरहित कागदात एकेक कात्रण सुटं ठेवा.

कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नसावं, जमिनीपासून वीतभर उंच असावं. आत सिलिका जेलच्या पुड्या. नारिंगी दाणे ओलावा शोषून हिरवट झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. डांबरगोळ्या फोटो आणि प्लास्टिकजवळ ठेवू नका.

भारताचा ब्लेझर तारेच्या हँगरवर टांगला तर खांद्यावर गंजाचा डाग पडतो. जाड, कापड गुंडाळलेला हँगर आणि वरून धुतलेलं सुती कव्हर. ड्रायक्लीनरचं प्लास्टिक लगेच काढा, आत घाम धरून बुरशी येते. खिशावरचं चिन्ह ब्रशने घासू नका. बॅटवर सह्या असतील तर तेल लावू नका, पॉलिश पेपर तर नकोच. कोरड्या मलमलने पुसून आडवी ठेवा. व्हिडिओ कॅसेटच्या काचेतून पांढरी बुरशी दिसली तर ती कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका. कॅसेट जाते आणि प्लेअरचं हेडही जातं. रूपांतर करून देणाऱ्याकडे द्या आणि बुरशी आहे हे त्याला आधी सांगा.

वस्तू घरीच राहू द्या. संस्थेने न्यायच्या असतील तर प्रत्येक वस्तूची फोटोसह यादी, परतीची तारीख आणि दोघांच्या सह्या.

परिचय लिहिताना

विशेषणं काढा, माहिती घाला. असा चालेल: 'डायना एडलजी. डावखुऱ्या फिरकी गोलंदाज. भारताच्या पहिल्या कसोटीत, १९७६ मध्ये बंगळूरला पदार्पण. २० कसोट्यांत ६३ बळी, ३४ एकदिवसीय सामन्यांत ४६ बळी. १९७८ च्या विश्वचषकात भारताच्या कर्णधार. शेवटचा विश्वचषक १९९३. अर्जुन पुरस्कार १९८३, पद्मश्री २००२. २०२३ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश.' व्यासपीठावर हे वाचायला अर्धं मिनिट लागतं. त्याला त्यांच्याच तोंडची एक आठवण जोडा, तीन-चार वाक्यांची. बस्स.

'पहिली', 'एकमेव', 'सर्वाधिक' हे शब्द आले की थांबा. नीतू डेव्हिड यांचे १९९५ मध्ये जमशेदपूरला इंग्लंडविरुद्ध एका डावात ५३ धावांत ८ बळी, हे लिहिणं पुरेसं आणि पक्कं आहे. त्यापुढे विक्रम म्हणायचं असेल तर कोणत्या तारखेपर्यंतचा तेही लिहा, आणि त्याच ओळीत सांगा की तो सामना भारत दोन धावांनी हरला.

कच्ची प्रत बाईंना वाचायला द्या, मोठ्या अक्षरांत, कागदावर. पंधरा दिवस द्या. आकड्याबद्दल हरकत आली तर धावफलक दाखवा, आठवणीबद्दल हरकत आली तर त्या म्हणतील तसं करा.

छापील प्रती निदान पाच: एक बाईंना, एक संस्थेत, एक गावच्या वाचनालयात, एक पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, एक पर्वरीला गोवा क्रिकेट असोसिएशनकडे. डिजिटल फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक प्रतीच्या शेवटी चार कोरी पानं बांधून घ्या, वर 'दुरुस्ती आणि भर' एवढं छापून. नवा धावफलक सापडला की पाचही प्रतींत तारीख घालून त्याची नोंद करायची जबाबदारी कुणाची, ते नाव पहिल्या पानावर असू द्या.